चोवीस खटक्यांचा धोटा

आमच्या ऑफिसात माऊसला कुणी माऊस म्हणत नाही, धोटा म्हणतात. नवीन माणसाला ‘तो धोटा जरा इकडं सरकवा’ म्हटलं की बिचारा टेबलाखाली वाकून बघतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तो कॉम्प्युटरच्या टेबलावर काय करतोय, हे कुणाला कळत नाही. हे बारसं व्यंकय्या मास्तरांनी केलं. मास्तर वस्तूंना नावं देत आणि माणसांना नावं ठेवत, आणि दोन्ही नावं पुढं कायम राहत.

मी मूळची माढ्याकडची, उसाच्या फडातली. धाग्याशी माझा संबंध सुईत ओवण्यापुरता. लग्न होऊन सोलापुरात आले आणि कॉम्प्युटरचा कोर्स झालेला म्हणून या ग्राफ ऑफिसात चिकटले. चादरीवर, टॉवेलवर जे मोर, हंस, फुलं दिसतात ती आधी बारीक चौकटींच्या कागदावर रंगवावी लागतात. एक चौकट म्हणजे एक धागा. एक आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक खेप. त्या कागदाला ग्राफ म्हणायचं. पूर्वी हे सगळं ब्रशनं चालायचं, आता कॉम्प्युटरवर चालतं. मी आले तेव्हा ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते, आणि ब्रशच्या जमान्यातला एक माणूस उरला होता.

मास्तर तेव्हा पासष्टीला टेकले होते. अंगानं काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी म्हणून सुताचाच दोर. दुपारचा डबा बारा वाजून दहा मिनिटांनी, ना आधी ना नंतर. भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की दोनदा साबणानं हात धुवायचे, कारण चटणीचं तेल कागदाला लागलं तर ग्राफ वाया. कॉम्प्युटरवर काम सुरू झाल्यावर कागदाला हात लागायचाच नाही, तरी दोनदा धुणं चालूच. मी एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्या कीबोर्डाकडे फक्त एक नजर टाकली. मी गपचूप उठून हात धुवून आले.

त्यांना कॉम्प्युटर शिकवायचं काम मालकांनी माझ्या गळ्यात मारलं. मला वाटलं, म्हातारा आता कपाळाला आठ्या घालणार. तर मास्तर मी बसेपर्यंत उभेच. शिकवणाऱ्याच्या आधी बसायचं नाही, एवढंच म्हणाले. तेलुगू घरातला माणूस, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून ‘अम्मा’. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला अम्मा म्हणतोय आणि अहोजाहो करतोय, याचं मला आधी हसू यायचं. पुढं पुढं त्या हाकेची सवय झाली, आणि ती बंद झाल्यावर किती झाली होती ते कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि दहा मिनिटं तो नुसता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवत बसले. पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझा स्वभाव तापट आणि जीभ त्याहून. मी म्हटलं, मास्तर, पडद्यावर बघा, हातात काय बघताय. ते म्हणाले, “हे धोटाच की.” बारसं झालं ते असं.

मग त्यांचं बोट मधल्या चाकावर गेलं. हे कशाला, असं विचारलं. पान वरखाली करायला, मी म्हटलं. किती होतं वरखाली? फिरवाल तेवढं होतं. त्यावर मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भाकरीत मीठ विसरले.

“तेवढं म्हंजे किती, अम्मा?”

इतकी वर्षं माऊस वापरत होते, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. मास्तरांनी माझ्याकडची नखांना लावायची लाली मागून घेतली, चाकावर एक ठिपका दिला, तो वाळेपर्यंत फुंकर घातली आणि डोळे मिटून चाक हळूहळू फिरवलं. एकेक खटका बोटानं मोजला. ठिपका पुन्हा वर आला तेव्हा डोळे उघडले. चोवीस. त्यांचा चेहरा उजळला. आमच्या ग्राफच्या कागदावर दर आठ चौकटींनंतर एक जाड रेघ असते. चोवीस म्हणजे बरोबर तीन आठं. चाकाचा एक फेरा म्हणजे तीन जाड रेघा. हे चाक करणारा माणूस आपल्यातलाच असणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. आता फक्त एका खटक्याला पान एकच ओळ सरकलं पाहिजे. तशी सोय कॉम्प्युटरात असते हे मलाच माहीत नव्हतं, ती शोधायला माझा अख्खा दिवस गेला. शिकवायला मी बसले होते, शिकत कोण होतं ते देवाला ठाऊक.

त्यांची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जुना कागदी ग्राफ डाव्या बाजूला. डाव्या हातात स्टीलची फूटपट्टी, ती वाचायच्या ओळीच्या खाली धरलेली. उजवा हात माऊसवर. ओळ वाचायची, पडद्यावर भरायची, मग पट्टी एक ओळ खाली आणि चाक एक खटका पुढं. ओळ हलवताना नजर कागदावरच. पडदा कुठं पोचला हे डोळ्यानं बघायचं नाही, बोटानं जाणायचं. डोळा दोन ठिकाणी ठेवला की एक ओळ हमखास गळते, हे त्यांचं म्हणणं. आणि मोजणी तेलुगूत. मास्तर मराठीत भांडायचे, मराठीत चेष्टा करायचे, पण आकडा आला की ओठ तेलुगू व्हायचे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू, एडू, एनिमिदी. आठ झाले की मान जराशी हलायची आणि पुन्हा ओकटी. या मोजणीत कुणी बोलायचं नाही. बँकेचे कागद घेऊन आलेले मालकसुद्धा एनिमिदी होईपर्यंत दारात उभे राहायचे. मला तेलुगूतले आठच शब्द येतात, ते असे.

धाकट्या मालकांनी एकदा हौसेनं दोन नवे माऊस आणले. बिनवायरचे, गुळगुळीत, आवाज म्हणून नाही. चाक तर असं की एकदा ढकललं तर लोण्यातून फिरावं तसं फिरत राहतं. मी खूश. मास्तरांनी जुना टेबलावरच ठेवला, माझा जुना कपाटात गेला. त्याच आठवड्यात माझ्याकडे टॉवेलच्या काठाचं काम होतं, ओळीनं हंस. मी ते झपाझप उरकलं. मास्तरांनी तपासलं, मागावर गेलं, आणि चाळीस टॉवेल विणून झाल्यावर मागवाल्याच्या लक्षात आलं की हंसाची मान मध्येच तुटलीय. गळ्याच्या तीन ओळी गायब. डोकं धडापासून जरा बाजूला, हवेत.

मालक माझ्यावर जे बरसले ते बरसले. मी रडले नाही, पण नोकरी गेली असं धरूनच चालले होते. मास्तर उठले, माझा नवा माऊस उचलला, चाक फिरवलं आणि मालकांच्या पुढ्यात ठेवला. याला दात नाहीत, म्हणाले. बोटाला कळणार कसं? आणि मग सगळ्यांसमोर, “शेवटची नजर माजी होती. बोलायचं तर मला बोला.” विषय तिथंच मिटला.

मिटला म्हणजे मालकांपुरता. दुसऱ्या दिवशी मास्तर त्या चाळीसमधला एक टॉवेल खांद्यावर टाकून आले. मान तुटलेला हंस बरोबर माझ्याकडे तोंड करून. त्या दिवसापासून तो टॉवेल त्यांच्या खांद्यावरून उतरला नाही. मला कधी शब्दानं टोचलं नाही, पण घाम पुसताना हंस नेमका माझ्यासमोर यायचा. पहिले पंधरा दिवस मला त्यांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही. नंतर मीही कपाटातून माझा जुना माऊस काढला, ठिपका दिला आणि मोजायला लागले. मराठीत.

आमच्या धंद्यात नक्कल हा गुन्हा नाही, तोच धंदा आहे. शेजारच्याचा मोर खपला की महिन्याभरात दहा जणांच्या चादरीवर मोर. मास्तरांनीही चाळीस वर्षांत शेकडो ग्राफ काढले, त्यातले बहुतेक कशावरून तरी. मास्तर ते लपवत नसत. पण एक होता, चिंचपान. तिशीत असताना काढलेला. चिंचेची बारीक पानं, काडीच्या दोन्ही अंगांना, आणि काडी चादरभर वळणं घेत जाते, कुठं सुरू झाली कळत नाही. त्या चादरी पुष्कळ वर्षं खपल्या, मग माग बंद पडला, नकाशाची, म्हणजे नक्षीची, मागाला लावायची पंच केलेली कार्डं रद्दीत गेली. उरला एकच ग्राफ, चिकटवून चिकटवून लांब केलेला. त्याला कसर लागलेली, जागोजागी भोकं.

दिवाळीनंतर बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं मालकांना तीच जुनी चादर मागितली. कुणाच्या तरी घरात त्यानं ती पाहिली होती. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी नमुना हवा, अशी अट. मालकांनी वेळ वाचवायला दुसऱ्या एका ऑफिसात जुन्या चादरीचा फोटो काढून त्यावरून कॉम्प्युटरनंच नकाशा करून घेतला. आला तो मास्तरांनी बघितला. पानांची टोकं बोथट, काडी दोन ठिकाणी तुटलेली. मालक म्हणाले, चालतंय की, कोण बघतंय एवढं. मास्तरांनी तुटलेल्या काडीवर बोट ठेवलं. मग जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“मालक, माज्या हातून एकच काम असं झालंय जे कुणाचं बघून काढलेलं न्हाय. ते मी वाकडं जाऊ देनार न्हाय.”

स्वतः करून देतो म्हणाले, गड्ड्याच्या आधी. मालकांनी मान हलवली, पण तो फोटोवरचा नकाशा फेकला नाही, कपाटात ठेवला. वेळेत झालं नाही तर तोच मागावर जाणार, हे सगळ्यांना कळलं. मास्तरांनी हिशोब मांडला. एक हजार नऊशे वीस ओळी. चाकाचे ऐंशी फेरे. भोकांमधलं आठवून भरायचं.

पहिले दहा-बारा फेरे सुरळीत गेले. मग गडबड सुरू झाली. फेरा संपला की कागदावरची जाड रेघ आणि पडद्यावरची जाड रेघ जुळेना. पडदा एक ओळ मागं. कधी दोन. मास्तर फेरा पुसून पुन्हा करायचे. पुन्हा तेच. त्यांनी माऊसवर संशय घेतला, मग चष्म्यावर, मग माझ्यावर, की मी कॉम्प्युटरात काही बदललं का. सहा दिवस एकाच जागी. खांद्यावरचा हंससुद्धा मान खाली घालून बसलाय असं वाटायचं. मी रोज मनात म्हणायचे, सोडा मास्तर, हट्ट सोडा. तोंडानं म्हणायची हिंमत झाली नाही.

सातव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, नुसती ऐकत. ऐदू म्हणाले तेव्हा खटका ऐकू आला. पण चाकावरचा ठिपका जागचा हलला नव्हता.

“मास्तर, हा खटका चाकाचा नाही. तुमच्या बोटाचा आहे.”

त्यांनी बोट वर धरलं, मिटलं, उघडायला गेले. बोट अडकलं आणि कट् करून सुटलं. दोनदा करून बघितलं. आणि मग हा माणूस, जो सहा दिवस कुणाशी धड बोलला नव्हता, खुर्चीत मागं रेलून हसला. “म्हंजे मी माजंच बोट मोजतोय की.”

डॉक्टरांनी सांगितलं, बोटाची शीर धरलीय, बारीकसं ऑपरेशन करावं लागेल, तोवर या बोटानं चाक फिरवायचं नाही. कळ किती येते असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, येते. कधीपासून? चार महिन्यांपासून. चार महिने आम्ही एका खोलीत बसत होतो, आणि मी फक्त त्यांच्या खांद्यावरचा हंस बघत होते.

मी म्हटलं, तुम्ही वाचा, मी भरते. त्यांनी खरोखर विचार केला, माझं मन राखायला नव्हे. मग म्हणाले, भरलेलं तुम्ही भराल, भोकातलं तुम्हाला कुठं दिसणार? आणि डावा हात टेबलावर ठेवला. “ह्यो हाय की अजून.”

आता कागद उजवीकडे, पट्टी उजव्या हातात, माऊस डावीकडे. पण आमचा जुना माऊस उजव्या हाताच्या घडणीचा, अंगठ्यासाठी एका बाजूला खोलगट. डाव्या हातात तो बसेना, मनगट तासाभरात भरून यायचं. म्हणून नवा धोटा आणायचा ठरला. मालक पैसे द्यायला तयार होते. मास्तरांनी नको म्हटलं, हत्यार आपल्या पैशाचं असावं. त्यांची अट एवढीच, की ज्या चादरीसाठी घ्यायचा तिच्या भावापेक्षा धोटा महाग नको.

सलग तीन दिवस दुपारी डबा खाऊन, हात दोनदा धुवून, आम्ही माझ्या स्कूटीवरून सात रस्त्याला, त्या चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गेलो. मास्तर मागं टॉवेल सांभाळत ताठ बसायचे. पहिल्या दुकानात ‘डाव्या हाताचा द्या’ म्हटल्यावर पोऱ्यानं नव्हे, खुद्द मालकानं काचेतून एक काढला. देखणा होता. किंमत ऐकल्यावर मास्तरांनी तो असा खाली ठेवला की काचेला आवाजही झाला नाही. मग रफिकभाईंच्या दुकानात गेलो. तिथं काउंटर रस्त्याकडे तोंड करून, आणि माल स्वस्तापासून सुरू.

मास्तरांची परीक्षा अशी. आधी डोळे मिटून हात ठेवायचा. मनगट अधांतरी राहिलं, बाद. तळहाताच्या खळग्याला खालून आधार लागला नाही, बाद. दोन्ही बाजू सारख्या नसल्या, बाद. यातून जे उरतील त्यांची चाकं. न विकल्या मालावर नखाची लाली लावू द्यायला रफिकभाई तयार होईनात, तेव्हा मास्तरांनी खिशातून लाल धाग्याचा तुकडा काढला, जिभेला लावला आणि चाकावर चिकटवला. मोजत पुढं एक फेरा, मोजत मागं एक फेरा. मी बाजूला उभी, तोंड शिवून. गिऱ्हाइकं बघत थांबायची. एका चाकाला मागं येताना तेवीसच भरले, एक खटका गिळत होतं. एकाचं चाक आडवं हलत होतं. एकाला अठरा निघाले तेव्हा मास्तर खरेच दुखावले. दोन आठं झाली, उरलेल्या दोघांना कुठं ठेवू, असं त्यांनी रफिकभाईंनाच विचारलं.

रफिकभाईंनी कपाळाचा घाम पुसला. “चाचा, माऊस लेनेका है की बहू देखनेका?”

“सून येवडी बघून आनली नव्हती,” मास्तर म्हणाले, आणि पुढचा डबा उघडला.

तिसऱ्या दिवशी अकरावा. खोक्याच्या तळाशी धूळ खात पडलेला, काळा, साधा, वायरवाला, वर कुणाचं नावगाव नाही. हातात बसला. पुढं चोवीस, मागं चोवीस. मास्तरांनी तो कानाशी धरून पुन्हा मोजला. मग दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायला लावून पुन्हा. पैसे देताना म्हणाले, चादरीच्या भावात हा येऊन वर एक टॉवेल सुटेल. रफिकभाईंनी बिल दिलं आणि आमच्या देखतच हात जोडले.

डाव्या हाताला शिकवणं हे वेगळंच प्रकरण. मी कॉम्प्युटरातली बटणं उलटी करून दिली, बाकी त्यांचं त्यांनी केलं. शर्टाची बटणं डाव्या हातानं, कुलूप डाव्या हातानं, रिकाम्या वेळी पेन्सिलीवर सूत गुंडाळणं डाव्या हातानं. जेवणाला फक्त तो लावला नाही. सुरुवातीला दिवसाला एक फेरा व्हायचा. मालक दाराशी येऊन कपाटाकडे बघून जायचे. मी पडद्यापेक्षा कॅलेंडरच जास्त बघत होते. मग दोन व्हायला लागले, मग तीन. भोक आलं की पट्टी थांबायची, मास्तर डोळे मिटायचे, बोट हवेत पान काढायचं आणि चौकटी भरल्या जायच्या. बरोबर की चूक, विचारणार कुणाला? काडी पुढच्या ओळीत जाऊन मिळायची तेव्हा कळायचं की बरोबर.

गड्ड्याला दोन दिवस राहिले होते. ऐंशीवा फेरा. शेवटचा आठवा आकडा त्यांनी ओठात नाही, मोठ्यानं म्हटला. एनिमिदी. दोन्ही जाड रेघा एकमेकींसमोर होत्या. मास्तरांनी पट्टी खाली ठेवली आणि उजव्या हाताचं बोट दुसऱ्या हातानं धरून नुसते बसले. मला रडू आलं. मी लपवलं नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्यापुढे केला, तर त्यावरचा तो हंस बघून मला हसूच फुटलं.

पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा सगळे ती पसरून वाहवा करत होते. मास्तरांनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूनं धागे बघत गेले, कारण चूक असली तर पाठीकडून दिसते. टोकापर्यंत गेले. घडी घातली. मालकांनी कपाटातला तो दुसरा नकाशा काढून फाडला. मास्तरांचं तिकडं लक्षही नव्हतं. मला म्हणाले, “एक झालं. दुसरं डोक्यात हाय. बोट सरळ होऊ दे.”

मला वाटलं, म्हातारा गमतीनं बोलतोय. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, मास्तरांनी काम सोडलं, जाताना आपला काळा धोटा माझ्या टेबलावर ठेवून गेले. तो डाव्या हाताचा म्हणून घेतला होता, पण दोन्ही बाजू सारख्या, मला उजव्यात छान बसतो. मी तोच वापरते. त्यांच्या घरी जाऊन यावं असं दर रविवारी ठरवायचे, आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. याची लाज मला आहे.

जूनमध्ये मास्तर गेले. झोपेतच. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सुनेनं त्यांचं टेबल दाखवलं. खिडकीशी एक जुना कॉम्प्युटर, नातेवाइकांकडून आणलेला. बाजूला कोरा ग्राफ, त्यावर पेन्सिलीनं डाव्या कोपऱ्यात फक्त तीन-चार ओळी, कशाच्या ते कळण्याइतकंही अजून झालेलं नव्हतं. आणि एक नवा माऊस, चाकावर लाल ठिपका. मामंजी जायच्या दोनच दिवस आधी तो घेऊन आले होते, सून म्हणाली, चार दिवस सात रस्त्याला खेपा घालत होते. त्यातल्या एका खेपेला मी त्यांना बघितलं होतं.

ऑफिस सुटल्यावर मी सात रस्त्याला सिग्नलला थांबले होते. समोरच रफिकभाईंचं दुकान. काउंटरवर तीन-चार डबे उघडे, आणि मास्तर उभे. खांद्यावर टॉवेल. डोळे मिटलेले. उजव्या हातात माऊस, आणि चाकावर तेच बोट, सरळ. ओठ हलत होते. रफिकभाई गल्ल्यामागं हाताची घडी घालून गप्प उभे. आठाला मान हलली. पुन्हा आठ, पुन्हा मान हलली. तिसरं आठ सुरू झालं. हाक माझ्या अगदी तोंडाशी आली होती, दहा पावलांचं तर अंतर. पण मोजणीत कुणी बोलायचं नाही. ऐदूवर होते तेव्हा सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा दाबून धरला. मी स्कूटी पुढं घेतली आणि उरलेले तीन जाता जाता मीच म्हटले. आरू, एडू, एनिमिदी.